आकाशवाणीची ती ट्यून बांधणारा माणूस हिटलरच्या राज्यातून वाचून मुंबईत आला होता

पहाटेची वेळ. कल्याणमधली चाळ असो, नाहीतर डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. पहिली लोकल पकडणाऱ्याची घरात गडबड सुरू आहे, स्टोव्हवर चहाचं आधण चढलंय आणि कोणीतरी फळीवरच्या रेडिओचा कान पिळतंय. आधी थोडी खरखर. मग तंबोऱ्याचा झंकार आणि त्यावर अलगद तरंगत येणारं व्हायोलिन. तेच सूर पुन्हा, परत पुन्हा. त्यानंतर वंदे मातरम्, मग मंगलध्वनी आणि मग निवेदकाचा आवाज.

आकाशवाणीची ही सिग्नेचर ट्यून ऐकली नाही असा माणूस एका पिढीत तरी सापडणार नाही. आजही एखाद्या रीलमागे ती वाजली की कमेंटमध्ये आजीची, चाळीची आणि शाळेच्या दप्तराची आठवण काढणाऱ्यांची रांग लागते.

पण ही ट्यून बांधली कोणी?

बहुतेकांना वाटतं, कोणीतरी जुने पंडितजी असतील. रविशंकरांचं नाव घेणारे आहेत, ठाकूर बलवंत सिंग यांचं नाव सांगणारेही आहेत. रेडिओवर ती रोज वाजली, पण ती कोणाची हे रोज कोणी सांगितलं नाही, त्यामुळे अशी नावं चिकटत गेली. संगीताचे अभ्यासक मात्र याचं श्रेय एका वेगळ्याच माणसाला देतात. तो ना भारतीय होता, ना इंग्रज. त्याचं नाव वॉल्टर कॉफमन. पेशाने ऑर्केस्ट्राचा कंडक्टर, सोबत संगीतकार, आणि मुंबईत आला तेव्हा त्याला भारतीय संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं.

आधी कंडक्टर म्हणजे काय ते बघू

आपल्याकडे कंडक्टर म्हटलं की खांद्याला चामड्याची पिशवी आणि हातात टिकटिकणारा चिमटा आठवतो. ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणेशोत्सवात स्टेजवर किशोर-लताची गाणी म्हणणारी मंडळी. कॉफमन ज्या जगातून आले तिथे दोन्ही शब्दांचा अर्थ वेगळा होता.

पाश्चात्त्य सिम्फनी ऑर्केस्ट्रात साठ-सत्तर, कधी शंभरच्या आसपास वादक बसतात. व्हायोलिनवाल्यांचा मोठा ताफा, चेलो, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, नगारे. प्रत्येकापुढे आपापली स्वरलिपी. ट्रम्पेटवाला कदाचित चाळीस मात्रा गप्प बसणार आणि एक्केचाळिसाव्या मात्रेला त्याने नेमकं शिरायचं. या सगळ्यांना एकत्र चालवतो तो कंडक्टर. तो स्वतः एकही वाद्य वाजवत नाही, पण लय किती ठेवायची, कोणाचा आवाज दाबायचा, कोणाला पुढे आणायचं, हे तो ठरवतो. खरं काम कार्यक्रमाच्या आधी, तालमीत होतं. लोकांसमोर हातवारे दिसतात ते त्याचं शेवटचं टोक.

म्हणजे कंडक्टरला आपली कला दाखवायची तर आधी ऑर्केस्ट्रा लागतो. चित्रकार देश सोडताना रंगांचा डबा घेऊन जाईल, गवय्या गळा घेऊन जाईल. कंडक्टर सत्तर माणसं बॅगेत भरून नेऊ शकत नाही. कॉफमन यांच्या आयुष्यात नेमकी हीच अडचण उभी राहिली.

कार्ल्सबाडचा मुलगा

त्यांचा जन्म १ एप्रिल १९०७ चा. गाव कार्ल्सबाड, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं कार्लोवी वारी. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी युरोपभर प्रसिद्ध. आपल्या वज्रेश्वरीला लोक कुंडात डुबकी मारायला जातात तसे तिकडे श्रीमंत लोक तब्येत सुधारायला जायचे, आणि संध्याकाळी त्यांच्यासाठी संगीताचे कार्यक्रम व्हायचे. गावात जर्मन बोलणारे लोक जास्त. कॉफमन यांचं कुटुंब ज्यू.

संगीत शिकायला ते बर्लिनला गेले. तिथल्या संगीत विद्यालयात त्यांना फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचना शिकायला मिळाली. श्रेकर हे त्या काळातलं ऑपेरामधलं मोठं नाव. दुसरे गुरू कुर्ट झाक्स. हे जगभरच्या वाद्यांचे अभ्यासक. गंमत म्हणजे झाक्स यांनी भारतातल्या वाद्यांवर तेव्हाच एक पुस्तक लिहून ठेवलं होतं. शिष्य पुढे खरोखर भारतात जाऊन बारा वर्षं राहील, हे तेव्हा दोघांनाही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

शिक्षण चालू असतानाच उन्हाळ्यात कॉफमन आपल्या गावी आणि जवळच्या एगर शहरात ऑपेरेटा कंडक्ट करायचे. ऑपेरेटा म्हणजे हलकंफुलकं संगीत नाटक. विशीतच कंडक्टरच्या चौथऱ्यावर उभं राहायला मिळणं ही त्या क्षेत्रात चांगली सुरुवात मानली जाते. बर्लिननंतर प्राग. तिथल्या जर्मन विद्यापीठात त्यांनी गुस्ताव माहलर या संगीतकाराच्या सिम्फनींवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. माहलर स्वतःही कंडक्टर आणि संगीतकार, दोन्ही होता. जन्माने ज्यूही.

आणि इथे कॉफमन यांनी एक गोष्ट केली जी आज वाचतानाही थांबायला लावते. प्रबंध लिहून झाला होता, पदवी हातात पडायची तेवढी बाकी होती. तेव्हा त्यांना कळलं की आपले प्राध्यापक गुस्ताव बेकिंग नाझींच्या बाजूचे आहेत, तिथल्या नाझी तरुणांच्या संघटनेत पुढारपण करतात. कॉफमन यांनी ती पदवीच घेतली नाही. एवढ्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी सोडलं. पुढे अमेरिकेत ते संगीतशास्त्राचे प्राध्यापक झाले, मोठे ग्रंथ लिहिले, पण ही डॉक्टरेट त्यांनी नाकारली ती नाकारलीच.

मुंबईच का?

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीत कायदा झाला आणि ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून बाहेर काढायला सुरुवात झाली. जर्मनीतली बरीच ऑपेरा थिएटरं आणि ऑर्केस्ट्रा सरकारी किंवा नगरपालिकेच्या पैशावर चालायचे. साहजिकच ज्यू कंडक्टर, वादक, शिक्षक रातोरात बेकार झाले. नाव कमावलेले मोठे लोक अमेरिकेची वाट धरू शकत होते. पंचविशीतल्या, अजून नाव व्हायचं असलेल्या कंडक्टरला कोण बोलावणार?

१९३४ मध्ये कॉफमन मुंबईत उतरले. यामागे भारताच्या अध्यात्माची ओढ वगैरे काही नव्हती. त्यांनी स्वतःच नंतर सांगितलेलं कारण अगदी साधं होतं, मुंबईचा व्हिसा सहज मिळत होता. इरादा थोडेच दिवस राहायचा होता. ते थोडे दिवस बारा वर्षं चालले.

त्या काळातल्या मुंबईत असे बरेच लोक येऊन पोहोचत होते. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर व्हिएन्नाहून आले आणि टाइम्स ऑफ इंडियाचे कला संचालक झाले. रुडी फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंजर हेही त्यातलेच. हुसेन, रझा, आरा, गाडे, बाकरे, सूझा यांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपला पाठिंबा देणाऱ्यांत हे तिघं होते, म्हणून चित्रकलेच्या इतिहासात त्यांची नावं येतात. संगीतातल्या निर्वासिताचं नाव मात्र फारसं कोणी काढत नाही.

आणि मग त्यांनी भारतीय संगीताची रेकॉर्ड ऐकली

मुंबईत आल्यावर कॉफमन यांनी भारतीय संगीताच्या रेकॉर्ड ऐकल्या. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. आवडणं सोडा, काही कळलंच नाही. सुरुवात कुठे, शेवट कुठे, हा माणूस एकाच जागी का घुटमळतोय, काहीच लागेना.

यात नवल नाही. त्यांच्या शिक्षणात संगीत म्हणजे इमारत. एकाच वेळी अनेक सूर वाजणार, ते एकमेकांना आधार देणार, मजल्यावर मजला चढणार. यालाच हार्मनी म्हणतात. आपल्याकडे खाली तंबोऱ्याची सपाट जमीन आणि तिच्यावरून एकटाच सूर चालत निघालेला. तो थांबेल, वळेल, एका श्रुतीला गोंजारत बसेल. वरचे मजले नाहीतच. इमारत बघायला आलेल्या माणसाला रस्ता दाखवला तर त्याला वाटणारच की इथे काही बांधलेलंच नाही.

बहुतेक साहेब लोक इथेच थांबले. हे संगीत म्हणजे रडगाणं असं ठरवून क्लबात परत गेले. कॉफमन यांनी हिशेब वेगळा मांडला. ही गाणी करणाऱ्या लोकांनाही बुद्धी आहे, मन आहे. कोट्यवधी लोकांना ती आवडतात. मग चूक त्यांची कशी असेल? कमी आपल्यात आहे, आणि ती भरून काढायची तर शिकायला लागेल.

गोऱ्या माणसाचा शब्द अंतिम मानला जायचा तो हा काळ. युरोपात तर एक अख्खं सरकार कोणाचं संगीत शुद्ध आणि कोणाचं अशुद्ध याच्या याद्या करत होतं. त्याच सरकारमुळे घरदार सोडलेला माणूस दुसऱ्याच्या संगीताबद्दल असं म्हणत होता, हे लक्षात घ्यायला हवं.

ऑर्केस्ट्रा नाही? चौघांपासून सुरुवात

शिकणं आपल्या जागी, पोट भरायचं होतं. कॉफमन यांनी आल्याच वर्षी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. चेंबर म्युझिक म्हणजे दोन-चार-सहा वादकांचं, खोलीत बसून ऐकायचं संगीत. सत्तर माणसं मिळत नाहीत ना, मग तीन-चार तरी गोळा करू. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम व्हायचा. पियानोवर स्वतः कॉफमन, चेलोवर एडिजिओ वर्गा नावाचे इटालियन वादक आणि व्हायोलिनवर एक पारशी तरुण, मेहली मेहता.

मेहता हे नाव ओळखीचं वाटलं असेल. मेहलींचा मुलगा झुबिन, जन्म एप्रिल १९३६, मुंबई. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि इस्रायलचे फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा चालवणारा आणि जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कंडक्टरांपैकी एक झालेला झुबिन मेहता. मेहलींनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्या काळात मुंबईत पाश्चात्त्य वाद्यं वाजवणाऱ्यांमध्ये पारशी होते, युरोपियन होते आणि गोव्याहून आलेले ख्रिश्चन वादक होते. गोव्यात चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकवत, त्यामुळे तिथला मुलगा मुंबईत आला की हॉटेलच्या बँडमध्ये आणि नंतर सिनेमाच्या स्टुडिओत सहज खपायचा. हिंदी सिनेमातल्या गाण्यांमागे व्हायोलिनचा जो समुद्र उसळतो, तो पुढे बराचसा याच लोकांनी वाजवला.

जिमखान्यातल्या गुरुवारांना आधी मोजकेच लोक यायचे. मग वाढत गेले. मे १९३७ पर्यंत सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते. तीन वर्षांत, परक्या शहरात! आज कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात एखाद्या संस्थेने वर्षाला चाळीस-पंचेचाळीस शास्त्रीय मैफली करायच्या ठरवल्या, तर काय दमछाक होईल याचा अंदाज बांधा.

ती ट्यून

इकडे रेडिओचं रूप बदलत होतं. मुंबई केंद्र १९२७ पासून चालू होतं, पण ती खासगी कंपनी बुडाली आणि सरकारने कारभार हातात घेतला. बीबीसीतून आलेले लायोनेल फील्डन प्रमुख झाले आणि जून १९३६ मध्ये नाव पडलं ऑल इंडिया रेडिओ. आकाशवाणी हे नाव अधिकृतपणे आलं ते स्वातंत्र्यानंतर.

नव्या रेडिओला ओळखीची धून हवी होती. आता वाटेल की यात काय एवढं, लोगोसारखी जिंगल. पण तेव्हा तिचं काम वेगळं होतं. त्या काळचा रेडिओ म्हणजे काटा फिरवत स्टेशन शोधायचं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी केंद्र काही मिनिटं एकच धून परत परत वाजवत राहायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला काटा नेमका बसवता येईल आणि आपण बरोबर स्टेशनवर आहोत याची खात्री पटेल. म्हणजे धून अशी हवी की खरखरीतूनही ओळखू येईल, शंभर वेळा ऐकून डोकं उठणार नाही आणि पेशावरपासून मद्रासपर्यंत कोणालाच परकी वाटणार नाही.

१९३६ मध्ये कॉफमन यांनी बांधलेली म्हणून जी धून ओळखली जाते, ती शिवरंजनी रागावर आहे. सा, रे, कोमल ग, प, ध. पाचच सूर. मध्यम नाही, निषाद नाही. सूर कमी, त्यामुळे गर्दी नाही, आणि कोमल गंधारामुळे एक हुरहुर येते. शिवरंजनी आठवायचा तर 'मेरा नाम जोकर' मधलं राज कपूरचं सरलेल्या दिवसांची आठवण काढणारं गाणं गुणगुणून बघा. किंवा 'सूरज' मधलं फुलं उधळायला सांगणारं ते गाणं, जे लग्नाच्या वरातीत बँडवाले हमखास वाजवतात. एकच राग रडवतो आणि वरातीतही चालतो.

आता पुन्हा ट्यूनकडे कान द्या. खाली तंबोरा आहे, म्हणजे जमीन भारतीय. वर व्हायोलिन आहे, पण ते आपल्याकडच्यासारखं मींड घेत, गमक करत वाजत नाही. सूर सरळ, स्वच्छ लागतात, युरोपात वाजवतात तसे. हे व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवलं असं सांगितलं जातं. ज्या माणसाला दोन वर्षांपूर्वी तंबोऱ्यावरचा एकटा सूर कळत नव्हता, त्याच्या नावावरच्या या धुनेत आहे तरी काय? तंबोरा आणि एकटा सूर. हार्मनीचा मजला त्याने चढवलाच नाही. ही समज बारीक आहे. तेव्हा भारतीय चाली घेऊन त्यावर पाश्चात्त्य सुरावटींचा थर चढवणारे अनेक होते. गुलाबजामवर चीज किसून घालावं तसा तो प्रकार व्हायचा.

बारा वर्षं

१९३७ मध्ये कॉफमन मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत राहिले. दिल्लीत हेच काम जॉन फाउल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार बघत होते. हे तेच, ज्यांनी हार्मोनियम भारतीय संगीताला कशी मारक आहे यावर लेख लिहिला. पुढे १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदीच घातली, ती कित्येक वर्षं टिकली. गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्राला ती किती झोंबली असेल ते सांगायला नको.

कॉफमन अशा वादांपेक्षा कामात होते. १९३८ मध्ये त्यांनी रेडिओसाठी 'अनसूया' नावाचा ऑपेरा लिहिला. भारतीय कथा, पाश्चात्त्य आकृतिबंध, आणि रंगमंच नाही, सगळं ध्वनीवर. मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठी पार्श्वसंगीत दिलं. भवनानी म्हणजे 'मजदूर' मध्ये मुन्शी प्रेमचंदांना घेऊन आलेले दिग्दर्शक. नौशाद यांना स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी 'प्रेम नगर' मध्ये दिली तीही त्यांनीच. कॉफमन यांचे प्रागचे जुने मित्र, लेखक विली हास, युद्धाच्या तोंडावर मुंबईत पोहोचले आणि तेही भवनानींसाठी पटकथा लिहू लागले.

हास यांचा उल्लेख आला म्हणून. फ्रान्झ काफ्काने मिलेनाला लिहिलेली पत्रं जगप्रसिद्ध आहेत. ती १९५२ मध्ये पुस्तकरूपात आणली ती याच विली हास यांनी. आणि कॉफमन यांची पत्नी गेर्टी ही काफ्काच्या सख्ख्या बहिणीची, एलीची मुलगी. काफ्का १९२४ मध्येच क्षयाने गेला. त्याच्या तिन्ही बहिणी नाझींच्या तावडीत सापडल्या. एली आणि वल्ली यांना १९४१ मध्ये पोलंडमधल्या लोड्झच्या वस्तीत नेलं गेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत. धाकटी ओटला १९४३ मध्ये आउशवित्झला मारली गेली. रेडिओवर युद्धाच्या बातम्यांआधी ट्यून वाजत होती, तेव्हा ती बांधणाऱ्याच्या सासूचं असं झालं होतं.

त्यांचं कार्ल्सबाडही सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक करारात हिटलरच्या घशात गेलं, आणि मार्च १९३९ मध्ये प्रागही. परत जायला आता गावच राहिलं नव्हतं.

मग कॉफमन यांनी मुंबईबाहेरचा भारत बघायला सुरुवात केली. हा भाग फार कमी लोकांना माहीत आहे. ते गोंड आणि बैगा लोकांची गाणी ऐकायला जंगलात गेले आणि त्यांची स्वरलिपी करून घेतली. १९४१ मध्ये यावरचा त्यांचा लेख अमेरिकेतल्या नामांकित संगीत नियतकालिकात छापून आला. पुढे बस्तरच्या डोंगरी माडिया आणि मुरिया गोंडांची गाणी आणि वाद्यं यांवर त्यांनी वेगळे लेख लिहिले. माडिया म्हणजे आपल्या गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला राहतात तेच. शहरातल्या किती संगीतप्रेमींनी तोवर माडियांचं गाणं ऐकलं असेल?

या सगळ्याचा परिणाम त्यांच्या रचनांवर झाला. 'नवरत्नम्', 'दहा भारतीय रचना', १९४३ ची 'इंडियन सिम्फनी' ही नावंच सांगतात. रागाचे सूर घ्यायचे, तालाची गुंफण घ्यायची, पण वाजवणार व्हायोलिन आणि चेलो. काही ठिकाणी जमलंय, काही ठिकाणी शिवण दिसते. पण कुठेही नाग डोलवणारी पुंगी वाजवून पूर्वेचं नाटक केलेलं नाही, हे महत्त्वाचं.

शेवटी ऑर्केस्ट्रा मिळाला

१९४६ मध्ये कॉफमन इंग्लंडला गेले, बीबीसीसाठी काम केलं, मग कॅनडाच्या हॅलिफॅक्स शहरात पियानो शिकवला. १९४८ मध्ये त्यांची 'मद्रास एक्सप्रेस' ही रचना अमेरिकेत बॉस्टन पॉप्स या ऑर्केस्ट्राने वाजवली. त्याच वर्षी त्यांना हवं ते मिळालं. कॅनडातल्या विनिपेग शहराने नुकताच स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला होता आणि त्याला कंडक्टर हवा होता.

वय एक्केचाळीस. बर्लिनमध्ये शिकून बाहेर पडल्यावर जे काम करायचं होतं, ते करायला अठरा वर्षं थांबावं लागलं. मुंबईच्या घामातून थेट उणे तीस अंशांत. तिथे त्यांनी नऊ वर्षं तो ऑर्केस्ट्रा घडवला. नवा ऑर्केस्ट्रा घडवणं म्हणजे हौशी आणि व्यावसायिक वादक एकत्र बसवायचे, शहराला तिकीट काढायची सवय लावायची आणि दर हंगामाला पैसे उभे करायचे. जिमखान्यातल्या गुरुवारांची तालीम इथे कामी आली असणार. शहराच्या बॅले कंपनीसाठीही त्यांनी संगीत लिहिलं. विनिपेग सिम्फनी आजही चालू आहे.

इथे कोणालाही वाटेल की गाडी रुळावर आली, आता हा माणूस आयुष्यभर कंडक्टर राहणार. पण १९५७ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, त्यांनी हे काम सोडलं आणि अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शिकवायला गेले. विद्यापीठाचं गाव ब्लूमिंग्टन. तिथे त्यांचे प्रागचे जुने शिक्षक पॉल नेटल आधीच पोहोचले होते, तेही नाझींपासून सुटून आलेले. नाकारलेल्या डॉक्टरेटचं ओझं इथे कोणी काढलं नाही.

मग पुस्तकं आली. १९६७ मध्ये आशियातल्या स्वरलिपींवर. १९६८ मध्ये उत्तर भारतातल्या रागांवरचा ग्रंथ. १९७५ मध्ये तिबेटी बौद्ध मंत्रगायनावर. १९७६ मध्ये दक्षिणेच्या रागांवर. उत्तर भारतीय रागांच्या पुस्तकाची मांडणी त्यांनी थाटांवर केली, म्हणजे विष्णु नारायण भातखंडे यांनी घालून दिलेली कल्याण, बिलावल, खमाज वगैरे दहा थाटांची व्यवस्था. भातखंडे मुंबईचे, वकिली शिकलेले, देशभर फिरून घराण्यांच्या पोतडीतल्या चिजा कागदावर आणणारे. १९३६ मध्ये, म्हणजे कॉफमन मुंबईत असतानाच ते वारले. वाळकेश्वरच्या वकिलाने कागदावर आणलेली व्यवस्था कार्ल्सबाडच्या कंडक्टरने पाश्चात्त्य स्वरलिपीत बसवून अमेरिकन विद्यार्थ्यांच्या हातात दिली.

एक मात्र खरं की पाश्चात्त्य स्वरलिपीत राग पूर्ण मावत नाही. दोन सुरांमधला प्रवास कागदावरच्या टिंबांत पकडता येत नाही, आणि भारतीय जाणकारांनी या पद्धतीच्या पुस्तकांबद्दल कायम हीच तक्रार केली आहे. ती रास्त आहे. तरीही इंटरनेट नसलेल्या काळात परदेशातल्या ग्रंथालयात राग समजून घ्यायला आलेल्याला हात धरायला काहीतरी होतं.

रचना करणं त्यांनी सोडलं नाही. 'द स्कार्लेट लेटर' हा त्यांचा ऑपेरा १९६१ मध्ये विद्यापीठात झाला. १९६४ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले, १९७७ मध्ये निवृत्त झाले. ९ सप्टेंबर १९८४ ला ब्लूमिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या रचनांची हस्तलिखितं पुढे बराच काळ पडून राहिली. निर्वासित संगीतकारांचं बहुतेकदा हेच होतं. जर्मन त्यांना आपलं म्हणत नाहीत, कारण ते निघून गेले. जिथे गेले तिथल्यांना वाटतं हे तर बाहेरचे. भारताच्या संगीताच्या पुस्तकांत कॉफमन पाश्चात्त्य म्हणून येत नाहीत आणि पाश्चात्त्य पुस्तकांत ते कुठे बसवायचे हे कळत नाही म्हणून येत नाहीत.

२०२० मध्ये टोरांटोच्या एआरसी आँसाम्ब्ल या गटाने त्यांच्या चेंबर रचनांचा अल्बम काढला. त्यात सातवं आणि अकरावं स्ट्रिंग क्वार्टेट आहे, व्हायोलिन आणि पियानोच्या रचना आहेत, सात वाद्यांसाठीचं सेप्टेट आहे. ऑनलाइन ऐकायला मिळतं. हेडफोन लावा आणि अकराव्या क्वार्टेटपासून सुरुवात करा.